तेविसावा वाटा

"माल मन?"

कोणाचं हे, असं विचारणारा तो आवाज ऐकून आता पुष्कळ वर्षं झाली. म्हातारीचा आवाज होता, पण कापरा नव्हता. सुक्या झावळीवरून हात फिरवावा तसा खरखरीत आणि सावकाश. दर गुरुवारी सकाळी सुवैफाच्या वाळूवर ती एकेक वस्तू उचलून धरी आणि विचारी, माल मन? घोळक्यातून कोणीतरी म्हणे, "माली." माझं. मग पुढची वस्तू.

सुवैफा हे गाव खोर फक्कानच्या उत्तरेला. दोन काळ्या डोंगरांनी समुद्राकडे लोटून दिल्यासारखं. १९६२ साली तिथे चाळीसेक घरं होती, बहुतेक खजुराच्या झावळ्यांची. मातीची एक मशीद, एक विहीर, आणि शेखच्या खजूरबागेत एक डिझेल पंप. पंप चालवायचं काम माझं. मी दाभोळच्या खाडीकाठचा, नाव इद्रीस, पण गावात हिंदुस्थानातला मी एकटाच, म्हणून "या हिंदी", अरे हिंदी, एवढी हाक पुरत असे. सकाळी सहाला पंप सुरू करायचा, दहाला बंद. मधल्या वेळात त्याच्या शेजारी बसून ऐकायचं. यंत्राचं एक बरं असतं. आवाज बदलला की त्याला कारण असतं, आणि शोधलं तर ते हाताला लागतं.

गुरुवारी पंप बंद असे, कारण गुरुवारी सगळं गाव दोरावर. त्यांची मासे धरायची तऱ्हा बघून मला पहिल्याच दिवशी हसू आलं होतं. ती आमचीच रापण होती. होडीतून अर्ध्या चंद्रासारखं जाळं सोडत जायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे, आणि मग म्हाताऱ्यांपासून मुलांपर्यंत सगळ्यांनी वाळूत टाचा रोवून ओढायचं. हाळीही तशीच, फक्त शब्द निराळे. दोराला हात लावील त्याला वाटा, मग तो वाटसरू का असेना, हा कायदाही तोच.

वाटे मात्र ते आपल्या रीतीनं करत. ओढणाऱ्या प्रत्येकानं स्वतःची एक वस्तू खजुराच्या टोपलीत टाकायची: वहाण, अंगठी, शिंपला, काडेपेटी, काहीही. रापणीचा म्होरक्या राशिद दोरावरची माणसं मोजून तेवढे ढीग वाळूवर घालायचा. मग ती म्हातारी, उम्म सालेम, टोपलीतून हाताला येईल ती वस्तू काढी, विचारी, आणि ढिगावर ठेवी. ती दोन्ही डोळ्यांनी आंधळी होती. कोणता ढीग मोठा, कोणता लहान, तिला दिसत नसे. म्हणून तिच्या वाटपावर कोणी कधी कुरकुरलं नाही.

मोजण्यात चूक होऊन वस्तू एखादी जास्त निघालीच, तर प्रत्येकानं आपल्या ढिगातला एक मासा काढून द्यायचा आणि नवा ढीग घालायचा. त्याला कोणी धनी मिळाला नाही, तर तो समुद्राचा. त्याला हात लावायचा नाही.

मी त्या किनाऱ्याला कसा लागलो ते सांगायला हवं. त्या काळी आमच्याकडची बरीच माणसं आली तसाच. एकसष्टच्या डिसेंबरात आम्ही सतराजण एका गलबतातून निघालो. कागदपत्रं कोणाकडेच नव्हती, म्हणून तांडेल गलबत किनाऱ्याजवळ न्यायला तयार नव्हता. उजाडता उजाडता त्यानं लांबूनच डोंगर दाखवला आणि म्हणाला, उतरा. ज्याला पोहता येतं त्याच्या कमरेला ज्याला येत नाही तो, अशा जोड्या त्यानं स्वतः बांधल्या. माझ्या कमरेला जहूर आला.

जहूर आमच्या वरच्या वाडीतला, डोंगरातला. नाचणीच्या शेतात वाढलेला. समुद्र त्यानं त्या प्रवासातच पहिल्यांदा बघितला. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. बायकोनं, हव्वाबीनं, निघताना पिशवीभर सुपारी कातरून दिली होती. तो एकेक खांड गालात धरून दिवस काढायचा आणि वरच्या वाडीतल्या बायका लावणी करताना म्हणतात ते गुणगुणायचा:

दर्याच्या वाटेवर नाही दगड, नाही धूळ,
गेल्या माणसाचं बाय, कुठं शोधावं पाऊल.

"दुसरं काही येत नाही का रे तुला?" मी एकदा वैतागून म्हटलं.

"येतं की. पण ते लग्नातलं आहे, इद्रीसभाय. इथे म्हटलं तर हे सोळाजण मला समुद्रात टाकतील."

किनाऱ्याला आम्ही सोळाजण लागलो. जहूर लागला नाही.

मी घरी लिहिलं ते असं नव्हतं. सुवैफाला काम मिळाल्यावर, फेब्रुवारीत, दुबईला जाणाऱ्या एका लाँचवाल्याच्या हाती मी पत्र दिलं. त्यात लिहिलं की जहूर सुखरूप उतरला आणि कतारला, दोह्याकडे कामाला गेला. मेला म्हटलं असतं, तर कसा मेला ते सांगावं लागलं असतं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की तो माझ्या कमरेला होता, आणि खाडीकाठच्या माणसाची गाठ सुटत नाही हेही ठाऊक होतं.

पत्र गेलं त्यानंतरच्या गुरुवारी आम्ही दोरावर बावीसजण होतो. राशिदनं मोजून बावीस ढीग घातले. उम्म सालेमनं बावीस वस्तू काढल्या, आणि तिचा हात पुन्हा टोपलीत गेला.

"माल मन?"

तिच्या बोटांत सुपारीचं खांड होतं. ओलं. कातरलेली बाजू पांढरी, ताजी.

गावातल्या कोणी सुपारी बघितलेली नव्हती. मुलांनी हुंगून बघितली. एकजण म्हणाला, "लाकूड आहे." दुसरा म्हणाला, "बकरीचा दात आहे." खूप हसले. राशिदनं माझ्याकडे बघितलं. "हिंदी, तुमच्याकडचं काही दिसतंय."

माझी चूक झाली ती इथे. मला वाटलं, गलबतावर जहूरनं दिलेलं एखादं खांड माझ्याच खिशाच्या शिवणीत अडकून राहिलं असेल आणि काडेपेटी टोपलीत टाकताना तेही पडलं असेल. कारण सापडलं की माझं समाधान होतं. दोन वस्तू टाकल्या म्हणून लबाड ठरू नये, म्हणून घाईघाईनं म्हणालो, "माली. काडेपेटीला चुकून माली म्हणालो, ती दुसऱ्या कोणाची असेल." काडेपेटीचा वाटा त्यांनी एका म्हाताऱ्याला दिला आणि बावीसजणांनी एकेक मासा काढून केलेला तो तेविसावा ढीग मी घरी नेला.

मी ते मासे तळले. त्यांना वास नव्हता. तेलाला होता, मसाल्याला होता. माशांना नव्हता. मांजर दारापर्यंत आली आणि तिथूनच परतली. मी खाल्ले. टाकायला मन झालं नाही.

पुढच्या गुरुवारी मी टोपलीजवळ उभा राहिलो. एकेक वस्तू पडताना बघितली. एकवीस माणसं, एकवीस वस्तू. टोपली माझ्या डोळ्यांसमोरून हलली नाही. उम्म सालेमनं बाविसावी काढली तेव्हा तिच्या बोटांतून पाणी गळत होतं.

त्या वेळी मी माली म्हणालो नाही. ढीग वाळूवर राहिला. दुपारी जाऊन बघितलं तर जागा सपाट होती. समुद्रपक्षी म्हणावेत तर एकही खवला मागे राहिलेला नव्हता.

एका गुरुवारी मी ताप आल्याचं सांगून घरी राहिलो. राशिदच्या मुलाला विचारलं. म्हणाला, आज बरोबर निघालं सगळं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही मी गेलो नाही. तेव्हाही बरोबर निघालं. यंत्रातला कोणता भाग बिघडलाय ते असंच शोधतात, एकेक भाग काढून. मला तो भाग सापडला, आणि पुढे काय करायचं ते सुचेना.

गावात राहायचं तर दोरापासून फार दिवस लांब राहता येत नाही. जो ओढत नाही त्याच्याकडे कॉफीला कोणी येत नाही. "हिंदीला आता साहेबासारखं पाकिटातलं खायचंय," राशिद मशिदीच्या पायरीवर मोठ्यानं म्हणाला. मी परत गेलो. फक्त जागा बदलली. अगदी शेवटची घेतली, डोंगराच्या अंगाची, म्हणजे माझ्यामागे कोणी नसेल.

शेवटच्याला एक जास्तीचं काम असतं. पुढून ओढून आलेला दोर मागे टाकायचा, नाहीतर तो पायात येतो. मी दोन-तीन हात ओढून तो मागे टाकायला वळायचो. पण वळायच्या आतच दोराचा ढिला भाग माझ्या हातातून मागे गेलेला असायचा. हिसका नसे. बरोबरीचा माणूस जसा आपल्या हातातलं ओझं घेतो, तसा. मागे बघितलं तर वाळू, माझीच पावलं, आणि दोराचं नीट घातलेलं वेटोळं.

पाच हिवाळे असे गेले. माणूस कशालाही सरावतो हे खोटं आहे. सरावल्यासारखा वागतो, एवढंच.

एकदा उम्म सालेमच्या घरी पाणी पोचवायला गेलो होतो. पंपाचं पाणी तिला मीच नेऊन द्यायचो. तिनं खजूर पुढे केले आणि म्हणाली, "तुझ्या मागचा चांगला ओढतो."

"माझ्या मागे कोणी नसतं, अम्मा."

"मी दोर ऐकते, बघत नाही. तू आठव्या हाळीला दमतोस. राशिद बाराव्या. तुझ्या मागच्याला धाप लागत नाही." मग ती म्हणाली, "त्याचं काही तुझ्याकडे आहे का? असेल तर देऊन टाक. इन्शाल्ला, जाईल."

"माझ्याकडे काही नाही," मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि मग आम्ही पाण्याबद्दल बोललो. विहीर त्या वर्षी मचूळ व्हायला लागली होती.

सदुसष्टच्या जानेवारीत, एका बुधवारी दुपारी, वादीतून, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या ओढ्यातून, एक लँडरोव्हर धुरळा उडवत आली आणि पंपाजवळ थांबली. आतून कंबर धरून हमीद उतरला. हमीद हव्वाबीचा धाकटा भाऊ. शारजात रोल्लाच्या वडाजवळ त्याचं शिवणाचं दुकान होतं.

"काय इद्रीसभाय, अंदमानात तरी बोट जाते!" तो म्हणाला. "हा काय रस्ता आहे? दगडांचा बाजार! सकाळपासून माझं एकेक हाड सुटं झालंय. आता उलट्या शिलाईनं जोडावं लागेल."

मी हसलो, आणि मग त्याच्यामागून उतरणारी बाई बघितली. काळा बुरखा, तोंडावरचं वर केलेलं. मी तिला शेवटचं बघितलं तेव्हा ती वीस-एकवीसची होती. आता कपाळावर दोन आठ्या होत्या आणि त्या बोलताना हलत नव्हत्या.

"सलाम, इद्रीसभाय."

"वालेकुम सलाम, भाबी. तुम्ही इतक्या लांब..."

"पत्रानं विचारून बघितलं. चार वेळा. तुम्ही हवापाण्याचं लिहिता."

मी चहा केला. हमीदच बोलत होता. दोह्याला त्याचा मित्र होता, त्यानं कोकण्यांच्या सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या. जहूर नावाचा मनुष्य कोणी बघितलेला नव्हता. कुवेतला विचारून झालं, बहरीनला झालं. आणि इकडे शारजात एक चांगलं स्थळ होतं. विधुर, दोन मुलं, स्वभावानं गरीब. "माप घेऊन शिवल्यासारखा माणूस आहे, पण ही ऐकेल तर!"

"तुझं कापड तू काप," हव्वाबी म्हणाली. "माझ्या अंगाला कात्री लावू नको."

मग ती माझ्याकडे वळली. "काझीसाहेब म्हणतात, त्याला शेवटचं बघितलं त्याचा शब्द आणा. ते तुम्ही. जिवंत म्हणालात तर मी वाट बघते. मेला म्हणालात तर विधवा म्हणून इद्दतला बसते. मधलं मला नको. पाच वर्षं मी मधल्यातच आहे. सासू ईदला हिरव्या बांगड्या भरते आणि पाठीमागं रडते."

पंप बंद होता. बाहेर एक बकरी सुकी तारली चावत होती, तिचा कुडुम कुडुम आवाज तेवढा येत होता.

"लिहिलं तेच," मी म्हणालो. "उतरला. दोह्याकडे जातो म्हणाला."

"तुमच्यासमोर वाळूवर उतरला?"

"हो."

"शपथेवर सांगाल?"

"उद्या सांगतो," मी म्हणालो. "आत्ता तुम्ही दमलात."

तिनं कप खाली ठेवला. त्यात चहा तसाच होता.

राशिदच्या घरी हव्वाबीची बायकांत आणि हमीदची पुरुषांत झोपायची सोय झाली. सकाळी गुरुवार होता. मी जाणार नव्हतो. पण राशिद दारात येऊन ओरडला, "यल्ला, हिंदी! तुझे पाहुणेसुद्धा दोरावर गेले, आणि तू?"

तारलीचे दिवस होते, अशा वेळी बायकाही दुसऱ्या दोराला हात लावत. मी पोचलो तेव्हा हव्वाबी गावच्या बायकांत उभी होती, बुरख्याचं टोक कमरेला खोचून. डोंगरातल्या बाईला ओढायचं शिकवावं लागत नाही. हमीद मात्र पहिल्याच हाळीला वाळूत बसला. "बोटांवर माझं पोट आहे हो," असं तो मराठीत सगळ्यांना सांगत होता, आणि सगळे समजल्यासारखे हसत होते.

मी शेवटी उभा राहिलो. दोर माझ्या हातातून मागे जात राहिला.

त्या दिवशी जाळं जड आलं. चांदीच्या पत्र्यासारखी तारली वाळूवर उलटली. राशिदनं दोन्ही दोर मोजले, ढीग घातले. हव्वाबीनं आपली एक बांगडी उतरवून टोपलीत टाकली. उम्म सालेम टोपलीशी बसली.

वहाण. माली. अंगठी. माली. बांगडी, हव्वाबीनं हात वर केला. शिंपला. माली. माझी काडेपेटी.

ढीग संपले.

"माल मन?"

पाच वर्षांत गावाला त्याची सवय झाली होती. कोणी हसलं नाही. बायका आपापले मासे पदरात घेऊ लागल्या. राशिद प्रत्येकाकडून एकेक मासा गोळा करत निघाला.

हव्वाबी पुढे आली. तिनं म्हातारीपुढे हात पसरला. म्हातारीनं सुपारी तिच्या हातावर ठेवली, पण बोटं लगेच सोडली नाहीत.

हव्वाबीनं ते खांड उन्हात धरलं. नखानं कातरलेल्या बाजूवरून रेघ ओढली.

"माझ्या अडकित्त्याच्या पात्याला खाच आहे," ती म्हणाली. "सुपारी कातरली की मध्ये उंचवटा राहतो. मी त्याला म्हणायची, नवा आणा. तो म्हणायचा, ह्यानं कळतं की तू कातरलीस."

हमीद उठून जवळ आला. "कुठं मिळाली ही?"

उम्म सालेमनं तोंड माझ्या बाजूला वळवलं.

"तो वाळूवर उतरला म्हणालात," हव्वाबी मला म्हणाली.

"नाही उतरला."

"मग?"

समुद्र त्या सकाळी अगदी शांत होता. बोलायला आवाज चढवावा लागत नव्हता.

"गाठ मी सोडली, भाबी. तो माझ्या खांद्यांवर चढत होता, मला खाली घेत होता. तांडेलानं गाठ घट्ट मारली होती. पाण्यात सोडायला वेळ लागला. तेवढ्या वेळात मी विचार बदलू शकलो असतो."

हमीदनं माझी गळपट्टी धरली. हव्वाबीनं त्याच्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा त्यानं सोडली.

"ओरडला?"

"नाही."

"पुन्हा वर आला?"

"नाही. मी थांबून बघितलं. नाही आला."

तिनं हातातल्या उरलेल्या बांगड्या एकेक करून काढल्या. फोडल्या नाहीत. काढून वाळूवर ठेवल्या, राशिदच्या बायकोच्या पायाशी. ती बाई काही न विचारता खाली बसली आणि तिनं हव्वाबीच्या पाठीवर हात ठेवला.

"काहीच बोलला नाही?" हव्वाबीनं विचारलं.

ह्या प्रश्नाचं उत्तर मी कोणाला दिलं नव्हतं. स्वतःलाही दिलं नव्हतं. त्याला कारण सापडत नव्हतं.

"बोलला," मी म्हणालो. "घरी सांग, म्हणाला. एवढंच."

"कधी? गाठ सोडायच्या आधी?"

"नंतर."

"नंतर म्हणजे?"

"मी वाळूवर पोचलो होतो, भाबी. समुद्राकडे पाठ करून बसलो होतो, अंगातून पाणी निथळत होतं. तो मागून आला. खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, झोपेतून कोणाला उठवावं तसं. वळलो तर मागे कोणी नव्हतं." ती माझ्याकडे बघत होती. "हात कोरडा होता."